ऋणको, धनको आणि मंडळी : ख्रिस्ती माणसानं कर्जाकडे कसं पाहावं?

पांझराकाठ (धुळे)

जय ख्रिस्त.

ख्रिस्ती माणसानं कर्ज काढावं का, हा विषय मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, निघाला की दोन वचनं हमखास कानावर येतात. रोमकरांस १३:८, कोणाच्याही ऋणात राहू नका. आणि नीतिसूत्रे २२:७, ऋणको हा धनकोचा दास. दोन्ही खरी आहेत, मला पाठ आहेत. पण ती ऐकवली जातात ती नेहमी देणं असलेल्यालाच. मृग लागला आणि बियाण्याला पैसे नाहीत म्हणून ज्यानं हात पसरला, तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. ज्यानं त्याला शेकडा पाचनं पैसे दिले, त्याला कोणी एक शब्द विचारत नाही. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाचे साठ.

पवित्र शास्त्र आधी धनकोशी बोलतं. निर्गम २२:२५ काढून बघा: माझ्या लोकांतल्या गरिबाला पैसे दिलेस तर सावकारासारखा वागू नकोस, व्याज लावू नकोस. लगेच पुढे, गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत कर, नाहीतर तो रात्री काय पांघरेल? लेवीय २५ सांगतं की भाऊ कंगाल झाला तर त्याला आधार दे, त्याच्याकडून वाढीदिढी घेऊ नकोस. अनुवाद या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात दर सातव्या वर्षी देणं सोडायचं आहे, आणि सातवं वर्ष जवळ आलं म्हणून हात आखडता घेणाऱ्याला तिथेच ताकीद आहे. हे सगळे हुकूम देणाऱ्याला आहेत. घेणाऱ्याला मोठी आज्ञा एकच, घेतलेलं फेड. स्तोत्र ३७:२१ मध्ये उसने घेऊन न फेडणाऱ्याला दुर्जन म्हटलं आहे, ते मी लपवत नाही.

मग आपले उपदेश एकाच बाजूला का झुकतात? खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांतले भाऊबहीण इथं आहेत. मनात असेल ते मोकळेपणानं लिहा.

जैतून (नंदुरबार)

भाऊ, तुमचं मन चांगलं आहे, पण हे वाचून तरुण पोरं काय समजतील याची मला काळजी वाटते.

आमचे आजोबा सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरायचं, थोडी उचल मिळायची, आणि ती फेडण्यात पुढची आखाजी यायची. बापाचं देणं मुलाच्या डोक्यावर. त्यांनी प्रभूला स्वीकारलं तेव्हा घरात दोन गोष्टी बंद झाल्या, दारू आणि उधारी. नवा कपडा नाही घेतला, पण कोणाचं देणं ठेवलं नाही. त्यांच्या त्या शिस्तीमुळे माझे वडील शाळा शिकले. माझी आजी म्हणायची, "जवलोंग देनं डोकावर शे, तवलोंग झोप येस नही."

आज काय आहे? मोबाइल हप्त्यावर, मोटारसायकल हप्त्यावर. लग्नात डीजे, मंडप, पाचशे पानं, आणि त्यासाठी बचत गटातून, पतसंस्थेतून, शेवटी सावकाराकडून. वर्षभर नवरा-बायको भांडतात. लूक १४ मध्ये प्रभू सांगतो की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या. तो अंदाज कोणी घेत नाही. पाळकांनी हे बोलायचं नाही तर कोणी बोलायचं?

रंगावली (नवापूर)

जैतूनदादा, लग्नाचं तुम्ही बोललात ते बरोबर. पण सगळं कर्ज हौसेचं नसतं.

आमच्या तालुक्यात गावोगाव मंडळ्या आहेत. दिवाळीनंतर अर्धी मंडळी रिकामी होते, कारण लोक कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात, बारडोलीकडच्या कारखान्यांना. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. तिकडे गेल्यावर धान्यासाठी खावटी. हंगामभर नवरा-बायको दोघं तोडतात, पाल टाकून राहतात, लेकरं शाळा सोडून सोबत. शेवटी हिशोब होतो तेव्हा उचल, खावटी आणि त्यावरची वाढ कापून हातात किती येतं ते त्यांनाच माहीत. अंगावर बाकी राहिली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. त्यानं दिलेल्या भावातच.

या लोकांना नीतिसूत्रे २२:७ ऐकवून काय होणार? ते दास आहेत हे त्यांना ठाऊक आहे. मी हे वचन डोक्यात घोळवत होते तेव्हा तोच अध्याय पुढे वाचला. वचन २२ आणि २३: गरीब हा गरीब आहे म्हणून त्याला नाडू नकोस, कारण परमेश्वर त्याचा कज्जा लढेल आणि नाडणाऱ्यांचा जीव हरण करील. म्हणजे सातवं वचन रागावण्यासाठी लिहिलेलं नाही. जगात असं चाललंय हे ते सांगतं, आणि पंधरा वचनांनी परमेश्वर कोणाच्या बाजूनं उभा आहे तेही सांगतं. आम्ही पहिलं फळ्यावर लिहिलं आणि दुसरं पुसून टाकलं.

जैतून (नंदुरबार)

ताई, कोयत्यावर जाणाऱ्याला मी पापी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण रोम १३:८ चं काय? ते तर सर्वांना आहे.

पांझराकाठ (धुळे)

दादा, त्याच्या आधीचं सातवं वचन पाहा. ज्याचं जे देणं असेल ते द्या, कर असेल तर कर, जकात असेल तर जकात, मान असेल तर मान. त्या ओघात आठवं येतं. ठरलेल्या वेळी देणं चुकतं करा, कोणाचं थकवू नका, असा त्याचा रोख मला दिसतो. उसनं घेणंच पाप असतं तर प्रभूनं मत्तय ५:४२ मध्ये उसनं मागणाऱ्याला पाठ फिरवू नका असं सांगितलं असतं का? एकाला घ्यायला मनाई आणि दुसऱ्याला द्यायची आज्ञा, असं शास्त्र बोलत नाही. पौल स्वतः फिलेमोनाला लिहितो की अनेसिम या तुझ्या दासाकडे तुझं काही येणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन.

बोरीकाठ (अमळनेर)

मी विकास सोसायटीच्या कामात आयुष्य घातलंय, म्हणून दोन शब्द.

सगळं कर्ज एका मापानं मोजू नका. पीककर्ज तीन लाखांपर्यंत मुदतीत भरलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला व्याज जवळजवळ पडत नाही. कापसाला, केळीला भांडवल लागतंच. हे कर्ज घेऊन वेळेवर भरणारा माणूस दास होत नाही. तो दास होतो सोसायटीची बाकी थकल्यावर, कारण मग नवं कर्ज मिळत नाही आणि तो सावकाराच्या ओट्यावर जातो.

इथं एक गोष्ट तरुणांना सांगावीशी वाटते. गावची पतपुरवठा सोसायटी ही कल्पना ख्रिस्ती श्रद्धेतून उभी राहिली आहे. जर्मनीत फ्रिडरिश विल्हेल्म राइफआयझन नावाचा एक गावचा मेयर होता. १८४६-४७ च्या दुष्काळात त्यानं गरिबांसाठी धान्य आणि पाव पुरवणारी संस्था काढली. नंतर त्याच्या ध्यानात आलं की श्रीमंतांच्या दानावर हे टिकणार नाही, म्हणून शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घेऊन स्वतःची पतसंस्था चालवावी. १८६४ मध्ये हेडेसडोर्फ इथं ती उभी राहिली. शेजाऱ्यावर प्रीती करणं हा त्याच्या कामाचा पाया होता, आणि ते तो उघड सांगायचा. मद्रास सरकारच्या फ्रेडरिक निकल्सननी आपल्या अहवालात हाच मार्ग सुचवला आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. रांचीकडे आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या घशात जात होत्या तेव्हा फादर हॉफमन यांनी १९०९ मध्ये छोटानागपूरची कॅथलिक पतसंस्था काढली. वसईच्या ख्रिस्ती लोकांनी १९१८ मध्ये स्वतःची सहकारी पतसंस्था सुरू केली, तिची पुढे मोठी बँक झाली. आपल्या खानदेशातल्या मंडळ्यांनी दवाखाने पाहिले, शाळा पाहिल्या, चिंचपाड्याचा दवाखाना सगळ्यांना माहीत आहे. पतपेढीकडे मात्र आपलं लक्ष गेलं नाही.

वारकरी_भुसावळ

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. एक विचारतो. व्याजाला इतकी बंदी आहे तर ख्रिस्ती देशांत बँका कशा आल्या?

पांझराकाठ (धुळे)

रास्त प्रश्न आहे, माऊली. चर्चनं फार काळ व्याजाला विरोध केला. ३२५ च्या निकियाच्या परिषदेत धर्मसेवकांनी व्याज घ्यायचं नाही असा नियम झाला. ११७९ च्या लॅटरन परिषदेनं उघड व्याजबट्टा करणाऱ्याला प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफनही नाकारलं. पुढे व्यापार वाढला. धर्मसुधारणेच्या काळात कॅल्विननं फरक केला: धंद्यासाठी दिलेल्या पैशावर माफक व्याज चालेल, गरजू गरिबाकडून घेऊ नये. इटलीत फ्रान्सिस्कन साधूंनी १४६२ मध्ये पेरुज्यात गरिबांसाठी गहाणपेढी काढली, तारणावर अगदी कमी दरानं पैसे देणारी. म्हणजे व्याजाची सरसकट बंदी ढिली झाली, तरी गरिबाच्या अडचणीवर नफा कमवायचा नाही हा धागा कोणी सोडला नाही. निदान सोडायला नको होता.

केळीबाग (रावेर)

माझा प्रश्न जामीनकीचा आहे.

मंडळीतल्या एका भावासाठी मी पतसंस्थेत जामीन राहिलो. आम्ही एकत्र प्रार्थना करतो, एकमेकांच्या घरी जेवतो. सही करताना नाही म्हणायला जीभ रेटली नाही. त्याची बाग करप्यानं आणि नंतर वादळानं गेली. आता नोटीस मला आली आहे. तो भेटायचं टाळतो. मला त्याचा राग नाही, पण माझ्या घरात रोज यावरून बोलणं होतं. नीतिसूत्रे ६ मध्ये जामीन राहणाऱ्याला दिलेला इशारा वाचला की पोटात गोळा येतो.

बोरीकाठ (अमळनेर)

भाऊ, आधी कायद्याचं सांगतो. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली आहे. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणण्याचा हक्क कागदात तसं लिहिलं नसेल तर मिळत नाही. तेव्हा नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका. उत्तर द्या. दोघांनी मिळून संस्थेत जा, एकरकमी तडजोड किंवा हप्ते पाडून मागा, आणि जे ठरेल ते लेखी घ्या. तुम्ही भराल त्या रकमेची पावती तुमच्या नावानं घ्या, कारण भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क तुम्हाला राहतो.

रंगावली (नवापूर)

आणि नीतिसूत्रे ६ घाबरण्यासाठी वाचू नका. तिथं सांगितलंय ते अगदी व्यवहाराचं आहे: शेजाऱ्याकडे जा, नमतं घे, गळ घाल, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, हरणासारखा सुटून नीघ. म्हणजे लाजून घरात बसू नका. तो भाऊ टाळतोय तो लाजेनं टाळत असेल. दोन वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन तुम्हीच त्याच्या घरी जा.

ओटा_चाळीसगाव

मला वसुलीबद्दल लिहायचं आहे, कारण आमच्या गल्लीत हे डोळ्यांनी पाहिलंय.

गटाचं कर्ज होतं, दर आठवड्याला हप्ता. एका ताईंचा हप्ता चुकला. वसुलीवाला सकाळी येऊन ओट्यावर बसला, आणि गटातल्या बाकीच्या बायकांनाही बोलावून घेतलं. हप्ता भरेपर्यंत कोणी उठायचं नाही. ताईंचं बाळ आत रडत होतं. शेवटी दुसऱ्या बाईनं आपल्या नाकातली मुरणी काढून दिली. पुढच्या महिन्यात हातउसने देणाऱ्या एकानं ताईंची शिलाई मशीन उचलून नेली. मशीन गेल्यावर ती फेडणार कशानं?

अनुवाद २४ मध्ये हे जसंच्या तसं आहे. सहावं वचन: जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नको, ते माणसाचं जीवनच गहाण घेणं होय. दहावं आणि अकरावं: गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. घेणेकऱ्यानं उंबऱ्याबाहेर थांबायचं, हे देवानं मोशेच्या काळात सांगून ठेवलंय. गरिबाचं घर त्याचंच आहे, देणं असलं तरी.

आता कायदाही बराचसा तेच म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशा सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, चारचौघांत अपमान करता येत नाही. सूक्ष्म कर्जाला तारण घेता येत नाही, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील तर नवं कर्ज द्यायचं नाही, असा २०२२ पासूनचा नियम आहे. आमच्या बायकांना हे कोणी सांगितलं नाही. रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटं हे वाचून दाखवलं तर काय बिघडेल?

जैतून (नंदुरबार)

ताई, हे वाचून मन हललं. आमच्याकडे नक्की वाचून दाखवू.

आता माझी एक वेगळी तळमळ. काही सभांमधून सांगतात की कर्ज फिटायला हवं असेल तर आधी मोठं दान पेरा. कर्जबाजारी माणूस आणखी उसने काढून दान टाकतो. हे मला सहन होत नाही.

रंगावली (नवापूर)

मलाही नाही. २ राजे ४ वाचा. संदेष्ट्याच्या शिष्याची विधवा अलीशा या संदेष्ट्याकडे येते, धनको तिची दोन मुलं दास करून न्यायला आलेला असतो. अलीशा तिच्याकडे दान मागत नाही. तो विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? तुझ्या घरात काय आहे ते सांग. घरात तेलाची एक कुपी. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण म्हणतो. तेल वाढतं, आणि तो सांगतो, तेल वीक, देणं फेड, उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. त्या चमत्कारातला एक थेंबही अलीशाच्या घरी गेला नाही. शेजाऱ्यांची भांडी मात्र कामाला आली.

बोरीकाठ (अमळनेर)

कर्जमाफीचं कोणी काढलं नाही अजून. २००८, २०१७, २०१९, तीन मोठ्या माफ्या झाल्या. काही जण अनुवाद १५ चा दाखला देऊन म्हणतात, सातव्या वर्षी सुटतंच, मग भरायचं कशाला? पुढच्या माफीची वाट बघत थांबणारा माणूस थकबाकीदार होतो आणि बिनव्याजी सवलत गमावतो. ऐपत असून न भरणाऱ्याला स्तोत्र ३७ लागू आहे. आणि सावकाराचं देणं या माफ्यांमध्ये धरलेलं नव्हतं. २०१७ ला दीड लाखाची, २०१९ ला दोन लाखांची मर्यादा होती, तीही बँक आणि सोसायटीच्या कर्जाला. ज्याच्या गळ्याशी सावकार बसलाय, तो तसाच राहिला.

पांझराकाठ (धुळे)

म्हणून मी नहेम्या ५ वर येतो. माझ्या मते हा अध्याय प्रत्येक मंडळीत वर्षातून एकदा वाचला जावा.

नहेम्या यहूदाचा सुभेदार आहे आणि यरुशलेमचा कोट बांधणं चालू आहे. बाहेर शत्रू आहे. आणि आतून आरडाओरड उठते, ती लोकांची आणि त्यांच्या बायकांची. कोणी म्हणतं, दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली. कोणी म्हणतं, राजाचा कर भरायला कर्ज काढलं. कोणी म्हणतं, आमच्या मुलामुलींना दास व्हावं लागतंय आणि आमच्या हातात काही नाही. घेणारे कोण? त्यांचेच भाऊबंद, एकाच देवाची उपासना करणारे. नहेम्या संतापतो, पण आधी मनाशी विचार करतो. मग देणेकऱ्यांना उपदेश करत बसत नाही. सरदारांना आणि अधिकाऱ्यांना बोलावतो, मोठी सभा भरवतो आणि सांगतो: हे व्याज सोडून द्या, आजच्या आज शेतं परत करा, आणि पैशाचा, धान्याचा शंभरावा भाग घेता तोही परत करा. तो शंभरावा भाग महिन्याचा धरतात. म्हणजे महिन्याला एक टक्का. त्यावर नहेम्या एवढा भडकला. आपण शेकडा पाच गपचूप चालवून घेतो.

तो तिथंच थांबत नाही. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो. आणि सुभेदार म्हणून त्याच्या हक्काचा जो भत्ता होता तो बारा वर्षं घेत नाही, कारण लोकांवर आधीच भार होता.

आता माझा प्रस्ताव. प्रत्येक मंडळीनं एक छोटा मदतनिधी ठेवावा. ठेवी घ्यायच्या नाहीत, व्याज द्यायचं-घ्यायचं नाही, धंदा करायचा नाही. हंगामी वर्गणीचा काही भाग बाजूला काढायचा. बियाणं, आजारपण, फी, आणि कोयत्याची उचल घ्यायची वेळ येऊ नये म्हणून पावसाळ्यातलं धान्य, एवढ्यासाठीच बिनव्याजी उसने. तीन माणसं बघतील, त्यातली एक तरी बाई. हिशोब वहीत लिहिलेला, पण नावं उपासनेत वाचायची नाहीत. आणि मंडळीतला कोणी विनापरवाना सावकारी करत असेल तर त्याला वडीलजनांनी घरी जाऊन समज द्यायची.

बोरीकाठ (अमळनेर)

उत्तम. त्यात भर घाला. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. सावकारानं लाटलेली जमीन परत मिळवायची तरतूदही त्यात आहे. कोऱ्या स्टॅम्पवर, कोऱ्या चेकवर सही करू नका, हे मुलांना दहावीतच शिकवा. आणि नवापूर, अक्कलकुव्याकडच्या भावांनी लक्षात ठेवा, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय देता येत नाही. तोंडी गहाण ठेवून वर्षानुवर्षं दुसराच कसत असेल तर तहसीलला जा.

जैतून (नंदुरबार)

निधीला माझा पाठिंबा. एकच अट, लग्नाच्या खर्चाला त्यातून एक रुपया द्यायचा नाही. आणि फेडणं चुकलं तर?

पांझराकाठ (धुळे)

लग्नाला नाही, मान्य. फेडणं चुकलं तर आधी घरी जाऊन विचारपूस, मग मुदत. खरंच फेडता येत नसेल तर तिघांनी ठरवून सोडून द्यावं. लूक ६:३५ मध्ये परत मिळण्याची आशा न धरता द्या म्हटलंय. निधी त्यामुळे लहान राहील. राहू दे.

केळीबाग (रावेर)

काल दोन वडीलजनांना घेऊन त्याच्या घरी गेलो. सोमवारी दोघं मिळून संस्थेत जातोय. तो त्याचा ठिबकचा जुना संच विकून पहिला हप्ता भरतो म्हणाला.

रंगावली (नवापूर)

देवाची स्तुती असो. ठिबक विकू देऊ नका भाऊ, अनुवाद २४ मधलं त्याचं जातं तेच आहे. दुसरं काही बघा.

आणि पांझराकाठ दादा, यादीत मयताचा खर्च राहिला. आमच्याकडे त्यासाठीही लोक उचल घेतात.

पांझराकाठ (धुळे)

मयताला उसने नको, ताई. ते मंडळीनं सरळ द्यायचं. तशी नोंद करून उद्या नियमांचा मसुदा इथंच टाकतो.